मेमो कुणी दिला

'तारामार्ग'चा शेवटचा भाग, गुरुवार, रात्री नऊ.
कमांडर निहार दारापुढे उभा. दारावर लाल दिवा.
पलीकडे काहीच नाही, म्हणजे अंतराळ.
आणि भुसावळची वीज गेली.
दीपनगरची धुराडी गच्चीवरून दिसत होती, धूर सोडत.
वीज तिथे बनते;
ती आपल्याकडे येते, असं कुणी म्हटलंय?
चार मिनिटांनी आली तेव्हा पडद्यावर
कापसावरच्या किडीची माहिती.

त्या चार मिनिटांवर आमचं मंडळ फुटलं.

युसूफ पिंजारी, मालगाडीचे ड्रायव्हर, म्हणाले,
लाल दिव्यापुढे माणूस जात नाही. थांबतो.
खंडव्यापर्यंतच्या प्रत्येक लालला मी थांबलोय.
निहार आत राहिला. विषय संपला.
डिगंबर फेगडे सावद्याला केळीचे घड मोजायचे.
ते म्हणाले, कापलेला घड परत झाडाले लागते का?
निघाला तो निघाला.

तेव्हापासून आम्ही राहिलेवाले आणि निघालेवाले.
राहिलेवाले लोको शेडजवळच्या चहावर,
निघालेवाले केळीच्या वखारीत, पोत्यांवर.
मंडळाचा शिक्का फेगडेंकडे गेला, शाईचा पॅड युसूफभाईंकडे,
त्यामुळे पुढची एकोणतीस वर्षं
मंडळाचं एकही पत्र निघालं नाही.
अत्तरद्यांच्या लग्नात दोन पंगती वेगळ्या बसल्या.
एकीत भरीत.
दुसरीतही भरीतच.

दुसरं पर्व आलं. त्यात निहारचं नावच नाही,
मिशीवाला नवा कमांडर.
बघा, गेला, म्हणाले फेगडे.
बढती मिळाली असेल, म्हणाले युसूफभाई.
मग मिशी मान्य नसलेले निराळे झाले, सहा जण,
त्यातले दोन परत आले, एकाची वरणगावला बदली झाली.

मी वही लिहायची. शारदा वायकोळे, चिटणीस,
कारण माझं अक्षर बरं.
माझा प्रश्न वेगळा होता :
यानात एकटी उरलेली डॉक्टर रेवती,
तिच्या पोशाखाची चेन पाठीला.
लावतं कोण?
दोन्ही गट पहिल्यांदा एका सुरात बोलले :
हा मुद्दा गौण आहे.
तेही मीच वहीत लिहिलं, बऱ्या अक्षरात.

युसूफभाई चैत्रात गेले.
वैशाखात फेगडेंच्या नातवानं
कुठूनशी ती फीत मिळवली. पूर्ण.
सेहेचाळीस डिग्री. आवाज नीट यावा म्हणून कूलर बंद.
आम्ही सात जण, घाम पुसत,
नातवाच्या हातातल्या वीतभर काचेवर वाकलेलो.

यान पुठ्ठ्याचं होतं, आता दिसलं. एका कोपऱ्यात सुतळीही.
निहार उभा. लाल दिवा.
त्यानं टोपी काढली, हुकाला अडकवली,
दार उघडलं
आणि गेला.

कुणी टाळी वाजवली नाही.
नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही जिंकले!
फेगडे बराच वेळ त्या टोपीकडे बघत राहिले,
चित्र थांबवलं होतं तिथे.
मग म्हणाले,
पण लाल असताना गेला कसा?
स्टेशन मास्तरची चिठ्ठी लागते. लेखी.
मेमो. युसूफ मले सांगे.
दाखव मले, मेमो कुणी दिला याले?
नातू म्हणाला, सिरियल आहे हो ती.
सिरियल आहे म्हनून काय कायदा नही?
टोपी काढून ठेवली म्हणजे परत येणार होता.
डोकं उघडं टाकून कोणी कायमचं जाते का?

ते उठले, एकटेच समोरच्या बाकावर जाऊन बसले,
जिथे राहिलेवाले बसले असते.
तिथून आमच्यावर ओरडत राहिले, अगदी युसूफभाईंसारखं,
बोट हवेत, 'विषय संपला' म्हणत.
आणि आम्हाला, ज्यांनी आत्ता डोळ्यांनी पाहिलं होतं,
काही उत्तर देता येईना.

संध्याकाळी पिंजारींकडून पॅड आला, शाई वाळून खपली झालेली.
फेगडेंनी त्यावर पाणी शिंपडलं, शिक्का दाबला.
वहीवर उमटलं ते अर्धंच : 'मार्ग मित्रमं'.
लिही, म्हणाले. विषय चालू.
मी तारीख घातली. खाली लिहिलं, मुद्दा एक, मेमो.
मुद्दा दोन, चेन.
त्यांनी वाचलं.
या वेळी खोडलं नाही.