उलटी बाजू

खरी चादर ओळखायची तर उलटून बघतात.
इकडं लाल जमिनीवर पांढरा मोर,
तिकडं पांढऱ्या जमिनीवर लाल.
मी, व्यंकटेश सुंचू, साखर पेठ,
सतरा वर्षं नकली विकत आलो:
एका अंगाला छापलेली, दुसरीकडं कोरी.
लेबल तेवढं अस्सल.
म्हणून ते आले तेव्हा
पहिल्यांदा मला कळलं.

वैशाखात आले. चव्वेचाळीस डिग्री,
रस्त्यावर कुत्रं नाही,
तलाव तळाला गेलेला,
आणि त्या चिखलातून
आमच्याच गल्लीतली माणसं चालत आली,
कोरडी ठणठणीत.
तोंडं तीच. तीळ तिथंच. पानाचा डागसुद्धा.

चौकीत गेलो. फौजदार हसला,
फार गोड हसला, बस म्हणाला,
चहा मागवला.
मला. चहा.
तेव्हाच समजलो, चौकी गेली.

मग रात्री बंद गिरणीच्या चिमणीखाली
जमलं कोण, तर
इरप्पा कलशेट्टी, महिना दहा टक्के;
रत्नव्वा म्हेत्रे, भवानी पेठेतला मटका जिच्या पदराखाली;
गैबी नदाफ, ज्यानं कोरलेला तहसीलदाराचा शिक्का
तहसीलदाराच्या शिक्क्याहून ठसठशीत;
आणि बंड्या गवसाने,
गड्ड्याच्या जत्रेत खिसे हलके करणारा.
कुणाचा कुणावर विश्वास नाही.
त्यामुळंच निभावलं.

इरप्पा म्हणाला, "काल मल्लू आला की दारात.
म्हणतो, मुद्दल, व्याज, सगळं आजच घ्या.
सोलापुरात असं बोलतं का बे कोण?"
रत्नव्वा म्हणाली, "आकडा लावायला येतात,
स्वप्नात काय दिसलं विचारलं
तर नुसते बघत बसतात."
बंड्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला,
"मी हात घातला, तर खिसाच नाही.
कापडावर ओढलेली रेघ आहे."

मला हसू आलं. एका बाजूची छपाई.
धंद्यातलेच होते म्हणायचे.

गैबीनं कागद काढला, गोल शिक्का, जावक क्रमांक:
सर्वांनी पहाटे तीनला
होटगी रोडच्या गोदामात हजर राहावे.
खरा माणूस गेला असता का?
ते आले. तीनला. रांगेत.
दोनशे तेरा.
कॉलर धरायची, चादर झटकतात तसं झटकायचं,
आतली बाजू बाहेर आली की
हातात नुसता कापूस उरायचा.
मागमाच्या खोलीत उडतो तसला,
नाकात जाणारा.

दोनशे बारा झाले.
शेवटची शांतव्वा होती,
इरप्पाची बायको, पौषात गेलेली.
भिंतीवरच्या फोटोवरून केलेली,
म्हणून डाव्या गालावर काचेची चमक.
तीन आठवडे तो तिला घरात ठेवून होता.
ती भाकरी थापायची,
एकाच बाजूनं भाजायची,
हा कच्ची बाजू खाली धरून खायचा.

बंड्या पुढं झाला.
इरप्पा मध्ये आला, हात जोडले.
ज्यानं कधी कुणाला एक दिवस दिला नाही
त्यानं मुदत मागितली.
सकाळपर्यंत.

दिली.

सकाळी गोदामातून एकटाच बाहेर आला,
बाहीवर कापूस. आम्ही झटकला नाही.

मग चिखलातून खरी माणसं उठली,
भांडतच घरी गेली, तू मला आधी का नाही उठवलं म्हणून.
खरा फौजदार आला.
आईवरून शिवी घातली, एक कानाखाली,
आणि गोदाम फोडल्याबद्दल आम्हाला आत घेतलं.
गैबीच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं त्याला.

कोठडीत रात्री भाकरी आली.
इरप्पानं आपली उलटून पाहिली.
दोन्हीकडून करपलेली.
शेंगाची चटणी मागितली त्यानं, मिळाली नाही,
तशीच खाल्ली.