चार खिळे

ओसाकाहून निरोप आला: चार लाकडी खिळे हवेत,
महिनाअखेरीच्या आत.
दोन नवे शब्द. वर्तमानपत्राला घाई आहे.
सोकिची कागद उजेडाकडे धरतो.
एक शब्द देवाधर्मासाठी, एक तत्त्वविचारासाठी.
कालपर्यंत या गावात
दोन्हींना मिळून एकही नाव नव्हतं
आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

तो उलटं कोरतो. खिळ्याला जग आरशातलं लागतं.
पहिलं अक्षर: छप्पर, खाली वेदी.
तिसरं: हात, कुऱ्हाड,
आणि त्यांच्या खाली एक उघडं तोंड.
चेरीचं लाकूड चिवट. तोंडाच्या कोपऱ्यात पटाशी सटकते,
अंगठ्याला रक्त.

आत ओतोसे, त्याची आई,
नवऱ्याच्या नावाच्या पाटीपुढे भाताची वाटी ठेवते,
हात जोडते, रोजच्यासारखी पुटपुटते,
"वाफ तुम्ही खाता, भात मी खाते.
मग भूक कोणाची?"
उत्तरासाठी थांबत नाही.
भात निवायच्या आत जेवायला बसते.

हे कुठल्या खणात टाकायचं?
सोकिचीच्या पेटीत खण पुष्कळ.
नदी, मासा, कर, मुलगी, सगळ्यांना जागा.
हा प्रश्न मात्र उंबऱ्यावरच्या मांजरासारखा,
निम्मा आत, निम्मा बाहेर.

माझ्या भाषेत एक शब्द आहे, दर्शन.
गाभाऱ्यापुढे धक्के खात घेतात तेही तेच
आणि देव आहे की नाही यावर
पिढ्यान्‌पिढ्या भांडत मांडलं तेही तेच.
हे मला ओतोसेला सांगायचं होतं.
ती मला ओळखत नाही.

संध्याकाळी चारही खिळे ओळीत उभे.
ओतोसेला अक्षर येत नाही, एकही.
नजरही अधू. ती बोटानं बघते:
दुसऱ्यावरून, चौथ्यावरून,
पुन्हा दुसऱ्यावरून.
"हे तेच पोर ना रे?"

सोकिची दिवा जवळ आणतो.
खरंच की.
शिकवण्याच्या अक्षरात एक पोर,
शेजारी छडी धरलेला हात.
शिकण्याच्या अक्षरात तेच पोर,
वरून दोन हात झुकलेले.
दोनदा कोरलं, एकाच पटाशीनं,
आणि त्याला दिसलं नव्हतं.

उद्या पेटी ओसाकाला जाईल.
जुळारी हे शब्द दोन वेगळ्या खणांत टाकेल.
बरोबरच आहे, त्याला हाताशी सापडायला हवेत.

ओतोसे फुंकर घालून
पोराच्या अंगावरचा भुसा उडवते.
"याला भूक लागली असेल," म्हणते.
कुठल्या पोराला, ते सांगत नाही.