बंदर

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
दुपारी दीडला पत्र्यावर हात ठेवला
तर हाताचा ठसा पत्र्यावर नाही उमटत,
पत्र्याचा हातावर उमटतो.
दुकानात एसी दोन, त्यातला चालणारा प्लॉटरसाठी.

गिऱ्हाईक आलं. कोरी गाडी, कोरे बूट.
कॅफे काढतोय म्हणाला, नाव ‘बंदर’,
कंटेनर कापून आत खुर्च्या.
पाटी अशी हवी
की चाळीस वर्षं खारा वारा खाल्लाय.
गुरुवारपर्यंत.

मी फॉन्ट शोधला.
जाड, ठोकळेबाज, मान नसलेली अक्षरं,
गोण्या वाहणाऱ्या माणसांसारखी;
अंगभर टवके, कडा कुरतडलेल्या,
जणू खोक्यावर ठसा मारताना शाई पुरली नाही.
मोठा केला की देखणा. पोस्टरवर, टी-शर्टवर,
कागदी कपाच्या पोटावर खणखणीत बोलतो.
मेन्यूतल्या किमतींना लावून पाहिला,
तर माश्यांनी घाण केल्यासारखा.

इंग्रजीत सहा अक्षरं, त्यांत दोन ‘ए’.
पहिल्याच्या डाव्या पायाला एक खोक.
दुसऱ्याच्याही डाव्या पायाला तीच,
तितकीच खोल, त्याच कोनात.
जुळ्यांना एकाच दिवशी
एकाच दगडाची ठेच लागावी तशी.

अरबीत वेगळीच पंचाईत.
ओरखड्यातला एक ठिपका
नूनच्या टिंबाशेजारी जाऊन बसला, नूनचा ‘ते’ झाला.
निझार हलबी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
आता हे बंदर नाही, काहीच नाही.
मी तो ठिपका पुसला.
खोट्या जखमांतली एक बरी केली.

हुरझुक चाचा मागे स्टुलावर चहा पीत होते.
दाभोळचे. एके काळी खाडीवर
लाकडी गलबतांची नावं रंगवायचे.
आता व्हिसा मुलाच्या जिवावर,
आणि दुपार आमच्याकडे.
‘हे काय गं, पोरी?
तीन हात इनॅमलचे, वर एक वार्निशचा,
जन्म गेला माझा अक्षर उडू नये म्हणून.
ऊन कुठून येतं ते बघून
त्या बाजूची रेघ सूतभर जाड धरायचो.
आणि तू आधीच उडवून देतेस?
पैसे घेतेस याचे?’
घेते, म्हटलं. जास्तच घेते.
ते हसले नाहीत. कप विसळला, पालथा घातला.

मग मला गल्लीच्या टोकाला घेऊन गेले.
पंप रिवाइंडिंगच्या बंद शटरवर
त्यांचीच अक्षरं, एकोणनव्वद सालची.
निळ्याखालून पिवळा, पिवळ्याखालून पत्रा.
एका ‘आर’चं पोट घासून गेलेलं,
शटर चढवताना रोज तिथेच कुणाचा तळवा लागायचा;
दुसरा ‘आर’, हात न पोचणारा, अजून धडधाकट.
बोट ठेवत गेले :
इथे सायकल टेकायची.
हा शमाल, वाळू घेऊन येणारा.
हे पोरांनी केलंय.
हे कशाने, मला नाही माहीत.

पाटी गुरुवारी गेली.
दिवे लागले, लोकांनी फोटो काढले.
जाण्याआधी मी दुसऱ्या ‘ए’ची खोक बुजवून
जरा वर, उजवीकडे दिली होती.
कुणाला कळलं नाही.
चाचांना कळलं असतं, पण ते काही तिकडे गेले नाहीत.

ऑगस्ट गेला.
परवा गिऱ्हाईकाचा फोन, आवाज चढलेला.
लाल रंग विटलाय, कडा उचलल्यात,
‘बी’चं पोट सोललंय,
नेमकं तिथे, जिथे आम्ही सोललं नव्हतं.
‘पाटी जुनी दिसायला लागली.
वॉरंटीत बदलून द्या.’

चाचांना सांगितलं.
या वेळी हसले, ठसका लागेपर्यंत.
मग डोळे पुसत विचारलं,
ऊन कुठल्या बाजूने येतं तिथे?