लेबलांवरचं लॅटिन

अर्धांगानंतर भारंबे सरांची मराठी गेली,
घरातली गणबोलीही गेली.
राहिली ती झाडांची नावं.
तहान लागली की म्हणतात, निंफिया,
आणि हिरावहिनी पाणी देतात.
चिडले की युफोर्बिया.

चोपड्याच्या कॉलेजात तीस वर्षं
मी त्यांच्या हाताखाली बरण्यांना लेबलं लावली.
हार्डविकिया बायनाटा, म्हणजे आपला अंजन,
यावलच्या जंगलातून सायकलच्या कॅरिअरवर आणलेला.
लॅटिन मला तेवढंच. नाम आणि विशेषण.
लेबलावर क्रियापद नसतं,
झाड कुठं येत नाही, जात नाही,
जेवलास का विचारत नाही.

माणसाकडे जायचं तर क्रियापद लागतं.
म्हणून लायब्ररीतून कसर लागलेला कोश आणला,
दोनशे पानी वही केली.

नमस्काराला साल्वे.
सर हसले. ऑफिसातले साळवे क्लार्क आठवले असतील,
पगारपत्रकावर सही घ्यायला मागे मागे फिरणारे.

क्विद आगिस. शब्दशः, काय करतोयस.
हे बरं जमलं. आमच्यातही
'काय करी ऱ्हायना भो' विचारणाऱ्याला
कामाशी काही देणंघेणं नसतं.

'जेवना का?' साठी मात्र अख्खी रात्र गेली.
केनाविस्तिने.
एवढं म्हणेस्तोवर भरीत गार होईल.
सरांनी तोंड फिरवलं.

निरोपाला वाले. धड राहा, बळकट राहा.
मी मोठ्यानं म्हणून बघितलं, वाले!
स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या,
आज भंगार नाही काही, पुढं जा.

तसंही निघताना मला वाले म्हणवेना.
लहानपणी तोंडून 'जास' निघालं
की आई उंबऱ्यातून परत आणून बसवायची.
'येस' म्हण, मग जाय.
त्या एका शब्दासाठी कोश मागून पुढे चाळला.
रेदीबो. परत येईन.

काल चपला घालता घालता म्हटलं,
सर, रेदीबो.

सरांनी डावा हात उचलला.
नवा नमुना टेबलावर आला की पडायची
तीच आठी कपाळाला.
बोटानं हवेत लेबल आखलं, चौकोनी,
आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून थांबले,
जिथं मी कुळ लिहायचो.

हिलालभाऊ, ते काय विचारताहेत?
वहिनी दारात, हात पिठाचे.

मी वही उघडली. मिटली.
चपला पुन्हा काढून ठेवल्या.