उपयोगिता प्रमाणपत्र

पत्र आलं. रसायनच्या नेरकर सरांना सव्वातीन लाख,
मिरचीचा तिखटपणा मोजायला.
मला, मराठीवाल्याला, अठ्ठावीस हजार,
तिखटाच्या बोलीतल्या शब्दांसाठी.
स्टाफरूममध्ये पेढे मात्र निम्मे-निम्मे.

नंदुरबारबाहेर पथारीवर
नजर पोचेल तिथवर लाल.
एकाच स्कूटरवरून दोघं शिंकत उतरलो
(पेट्रोल त्यांच्या प्रवासखर्चात).
सर पिशव्यांवर क्रमांक टाकत गेले.
मी रेकॉर्डर धरला
देठ खुडणाऱ्या सुपडीबाईसमोर:
हात जळतात, त्याला काय म्हणता?

म्हणाली, भगभग. रात्री चरचर.
आणि त्याच हातांनी लेकरू उचलताना जे होतं, त्याला...
थांबली.
"हाई काय इचारानी गोट से, मास्तर?"
उलट्या मनगटानं डोळा पुसला.

अहवालात तेवढी जागा कोरी सोडली.
लेखापरीक्षकानं तिच्याभोवती गोल केलाय:
शब्द सादर करावा,
अन्यथा रक्कम परत.

सरांचं यंत्र अजून निविदेत अडकलंय.
माझ्या फाईलीत एकच पावती, चहाचे दहा रुपये,
खाली सुपडीबाईचा अंगठा,
शाई न लावता उमटलेला.

फाईल उघडली की
हेडक्लार्क पावरा
आधी शिंकतात.