भुंग्याच्या पोटावर

अमळनेरला, दगडी दरवाजाजवळ
मी भांड्यांवर नावं घालतो.
कुणी दिलं, कुणाला, कुठल्या तिथीला,
बारसं होतं की बारावं,
हे कळशीला माझ्याकडूनच कळतं.

सुगराबी पिंजारीनं रुमालाची गाठ सोडली.
आत एक भुंगा,
भाजल्या मातीचा, निळसर हिरवा,
सुपारीहून जरा लांबट.
"मना आंडोरनी धाडं."
युनूस तिकडे मिसरमध्ये कापसाच्या गाठी मोजतो.
इथलं जिनिंग चालू असतं
तर इथंच मोजल्या असत्या.

पाठीवर पंखांची मधली रेघ, पाय पोटाशी आवळलेले.
हा तर शेणकिडा, मी म्हणालो,
बोरीच्या काठी उलटा चालत
मागच्या पायांनी गोळा ढकलणारा.
"तठला लोके म्हने, हाऊ सूर्य लोटस."

मग तिनं तो पालथा केला.
पोटावर एक पक्षी, पाण्याची नागमोड,
वर्तुळात टिंब, एक उभं पान,
कडेनं पीळ घातलेली दोरी.
"हाई काय लिखेल शे?"
गावातली सगळी फडताळं वाचलेला मी
गप्प.

लाख तापवून ठसा घेतला.
उजवीकडे बघणारा पक्षी डावीकडे बघू लागला.
खरा कुठला, कोण सांगणार.
भिंग लावलं.
पाण्याच्या चौथ्या लाटेशी एक जास्तीची रेघ,
हत्यार निसटलेलं.
आणि तिच्या बाजूला घाईघाईनं तीन ओरखडे,
म्हणजे चुकीचं गवत झालेलं.

एवढं मात्र वाचता आलं.
चोपड्याच्या शेवंताच्या परातीवर
माझी वेलांटी अशीच काठापर्यंत घसरली होती.
मी तिला पानं फोडली.
सासूनं पानांचे वेगळे पैसे दिले.

"असले पोत्यानं मिळतात," शेजारचा सखाहरी घड्याळजी म्हणाला,
"साच्यातून काढतात."
साच्याचा हात घसरत नाही, मी म्हणालो,
आणि सुगराबीला सांगितलं:
कोरणाऱ्याला अंधार पडत आला होता,
काम संपवून उठायचं होतं.

तिनं भुंगा परत रुमालात घेतला,
गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून पुन्हा मारली.
"मंग त्याले जेवाले उशीर व्हयना व्हई,"
म्हणाली, आणि निघाली.

ती वळणापलीकडे गेल्यावर लक्षात आलं,
साच्यातही चूक जशीच्या तशी उतरते.
लाखेचा ठसा अजून गल्ल्यात आहे.
वितळवला नाही.