आगगाडीचा चढ

आबिलिओची व्हॅन आधी पावाची होती.
बेकरी विकली, भट्टी भंगारात गेली,
नावाची पाटीसुद्धा कुणी हौसेनं नेली;
ही एवढी राहिली.
तिच्यात त्यानं गादी घातली, शेगडी, पाण्याचा कॅन,
पाठीवर दोन सायकली बांधल्या
आणि फोन केला: येतेस?
ऊन तापलं की अजून पत्र्यातून यीस्टचा वास सुटतो.
आम्ही त्यावर बोलत नाही.

डोंगरांपलीकडचा म्हणतात पोर्तुगालच्या या मुलखाला.
अलीकडच्यांनीच नाव ठेवलं असणार,
आणि मग नावंही ठेवली.
इथून एक अरुंद रेल्वे जायची.
रूळ उपटून नेले त्याला वर्षं झाली;
उरली खडीची पट्टी, दोन्हीकडे बदाम,
आणि सायकलवाल्यांसाठी दगडावर पिवळा बाण.

आगगाडीला चढ सोसत नाही.
म्हणून डोंगराला वळसे घालत
चाळीस पावलं पुढे, एक पाऊल वर,
असा हिशेब कुणीतरी मांडला.
पायांना पत्ताच लागत नाही.
फक्त दम जरा आखूड होतो,
वाटतं, वय झालं.
मग सहज मागे पाहावं
तर व्हॅन खाली काडेपेटीएवढी
आणि नदी म्हणजे कुणी वाळत टाकलेली नाडी.

बोगद्यात आबिलिओ शीळ घालतो.
लहानपणचीच, तिसऱ्या सुरावर फसणारी.
माझा दिवा मध्यावर विझला.
माठात शिरल्यासारखा गारवा,
शिळेच्या मागे मागे मी.
पलीकडे स्टेशन. घड्याळाची नुसती गोल जागा.
निळ्या फरश्यांवर द्राक्षं तोडणाऱ्या बाया,
एकीचं डोकं निखळलेलं, तिथे सिमेंट.
तिकीटखिडकीत मधमाश्या.

फाटकापाशी लाल झेंडी.
खरीच. आणि ती धरून
काळ्या स्वेटरातल्या एर्मीनियाबाई.
"थांबा."
थांबलो.
"किती वेळ?"
"कोंबड्यांना विचारा."
सात कोंबड्या, त्यांतली एक लंगडी,
सावकाश रूळ ओलांडत होत्या,
म्हणजे, जिथे रूळ नव्हते ते.

बावीस वर्षं इथे साखळी ओढली म्हणाल्या.
"गाडी बंद झाल्याचं पत्र आलं,
तेही बसनं.
लिहिलं होतं, फाटक उघडं ठेवा, कायमचं.
बंद फाटक राखायला येतं मला.
उघडं कसं राखायचं, ते कुणी सांगितलं नाही."
आबिलिओ हँडलवरची घंटी पुसत राहिला.
तिच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

परतताना पेडल मारावंच लागलं नाही.
नऊ किलोमीटर.
तेव्हा कळलं, नकळत केवढं चढलो होतो.
तो पुढे, सदरा शिडासारखा फुगलेला,
खडी चाकाखाली तडतडत, फोडणीसारखी.
एकदाच वळून काहीतरी ओरडला.
ऐकू आलं नाही.
मी हो म्हटलं.

रात्री तीनला त्याला जाग आली.
भट्टी पेटवायची वेळ.
मी झोपेचं सोंग घेतलं,
पायरीवर त्याचं वजन पडलं तशी व्हॅन हलली,
नंतर बराच वेळ काहीच हललं नाही,
आणि मला खरंच झोप लागली.

सकाळी एकच सायकल.
आठला तो आला, हेल्मेट छातीशी धरून:
आत सहा अंडी, एक फुटलेलं,
केसांना बोगद्यातली काजळी.
"बाईंनी दिली.
विचारत होत्या, उद्या तुमची गाडी किती वाजता?"
"मग?"
"सातची, म्हटलं,"
आणि तो फळीखाली वाकून
पिठाची पिशवी हुडकू लागला.